राखून ठेवलेला निरोप

परीक्षक बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याजवळ वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही किटली केवढी आहे हो?" या परीक्षेची तयारी मी सात महिने करत होते. बॅटरी किती दिवस टिकते, भिंतीपलीकडे लहरी कशा पोचतात, मध्येच कुणी चोरून ऐकू लागलं तर काय, असल्या दीडशे प्रश्नांची उत्तरं मला तोंडपाठ होती. किटली त्यात नव्हती. लहान आहे, मी म्हणाले, दीड कप पाणी मावतं, एका माणसापुरती. "मग ती मघापासून कशी उकळतेय? मला इथे बसून वीस मिनिटं झाली," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. बाई दुसऱ्या विद्यापीठातून आल्या होत्या, प्रवासाने दमल्या होत्या, आणि त्यांना खरंच त्या किटलीचं नवल वाटत होतं.

पडद्यावर बाबांचं घर होतं. म्हणजे मी काढलेला घराचा नकाशा: पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर, बाथरूम, दार. दाराला चुंबकाचा तुकडा, दोन्ही खोल्यांत हालचाल टिपणारे पांढरे डोळे, किटलीच्या प्लगवर वीज मोजणारी चकती. ही सगळी मंडळी पुढच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी लावलेल्या एका डबीशी बोलतात, डबी आमच्या प्रयोगशाळेतल्या सर्व्हरला निरोप पाठवते आणि सर्व्हर तो माझ्या फोनवर आणून देतो. वर हिरवा ठिपका, त्याच्याशेजारी मीच निवडलेले शब्द: घर ठीक आहे. खाली बारीक अक्षरात: किटली चालू. विद्यापीठात या विषयाला इंटरनेट ऑफ थिंग्ज म्हणतात, बाबा त्याला वस्तूंची कुजबुज म्हणतात. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांची काळजी, असा माझा प्रकल्प होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी शीर्षकात काळजीच्या जागी निगराणी घालायला लावलं, कारण काळजी मोजता येत नाही. प्रबंधात बाबांचा उल्लेख 'सहभागी क्रमांक एक' असा आहे. क्रमांक दोन कुणीच नाही.

"हे आत्ताचं आहे?" बाईंनी विचारलं. हो, मी म्हणाले. "कशावरून?"

मी की-बोर्डवर हात ठेवला आणि ठेवता ठेवताच मला कळलं. पहिल्या सत्रात सरांसमोर प्रात्यक्षिक दाखवताना माझा पडदा कोरा आला होता. घरून नवा निरोप यायला चार मिनिटं लागली आणि ती चारही मिनिटं सर घड्याळाकडे बघत राहिले. रिकामा पडदा कधी दाखवायचा नसतो, एवढंच म्हणाले. त्याच संध्याकाळी मी एक खूण चालू केली, जिचं नाव रिटेन. राखून ठेव. घरून आलेला शेवटचा निरोप सर्व्हरने टाकून द्यायचा नाही, जपून ठेवायचा आणि कुणीही विचारलं की तोच त्याच्या हातावर ठेवायचा. विचारणाऱ्याला वाटतं आत्ताच आला. पाठवणारा जागेवर आहे की नाही, याच्याशी सर्व्हरला काही देणंघेणं नसतं. खरं तर निरोपासोबत वेळही जायला हवी. ती मीच काढून टाकली होती, कारण निरोप जितका छोटा तितकी बॅटरी जास्त टिकते, आणि त्या बचतीचा एक देखणा आलेख प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहे. मी सर्व्हरची नोंदवही उघडली. तिथे वेळा असतात. बाबांच्या डबीचा शेवटचा निरोप सोमवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी आला होता. हालचाल आहे, दार बंद, किटली चालू. आज गुरुवार होता.

लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण सांगते. मी लगेच उठले नाही. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, त्याचं मी उत्तर दिलं. आणखी एक विचारला, त्याचंही दिलं, आणि चांगलं दिलं, कारण सर मान डोलावत होते. माझं तोंड पाठ केलेलं बोलत होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार, असं कुणीतरी आतल्या आत मोजत होतं, परत परत, लहान मूल बोटं मोजतं तसं. मग मी मध्येच थांबले आणि म्हणाले, हे माझ्या वडिलांचं घर आहे, मला जायला हवं. सर म्हणाले, अगं, निष्कर्ष राहिलेत अजून. परीक्षक बाईंनी माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

बाहेर लांब व्हरांडा आहे, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळांची दारं. तिथून बाबांना फोन लावला. वाजत राहिला. रिंग पूर्ण वाजून संपली, मग बाईचा आवाज आला की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती उत्तर देत नाही. व्यक्ती हा शब्द किती गार आहे, हे मला त्या वेळी कळलं. पुन्हा लावला. जिना उतरताना, फाटकातून बाहेर पडताना, बसस्टँडवर तिकिटाच्या रांगेत, लावतच राहिले. शेजारी विचारायला कुणी नव्हतं. समोरचा फ्लॅट वर्षभर रिकामा आहे, खाली दुकानाचं गोदाम आहे. अँब्युलन्सचा नंबर तीन आकडी असतो. त्यातले दोन दाबले आणि थांबले. त्यांना काय सांगणार? माझ्या फोनवर घर ठीक आहे असं दिसतंय म्हणून तुम्ही धावत या? हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं होतं, की तिसरा आकडा दाबला की ते खरं होणार होतं. आणि त्याच्याही खाली आणखी एक विचार होता, तो मला आजही माफ करता येत नाही: जे व्हायचं ते सोमवारी सात वाजून बारा मिनिटांनी होऊन गेलं असेल, तर आता तीन तासांनी काय बिघडतंय. असा विचार मी, त्यांची एकुलती एक मुलगी, खिडकीची जागा बघून बसत असताना केला.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं आई म्हणायची, आणि तिच्याइतकं वाईट चिंतणारं मन मी पाहिलं नाही. दूध उतू गेलं तरी ती आधी घर जळालेलं बघायची. मी तिच्यावर गेले. घरी यायला कुणाला उशीर झाला की मला तो रस्त्यावर पडलेला दिसायचा, चपलेसकट. आई गेली त्याला आता सहा वर्षं झाली, आणि तिच्यामागे तिची ती सगळी भीती माझ्या वाट्याला आली. मी शिकायला या शहरात आले तेव्हा बाबांना रोज दोनदा फोन करायची, सकाळी सात-सव्वासातला आणि रात्री जेवणानंतर. बाबा वैतागायचे. काय गं, कालपासून आजपर्यंत मी काही नवीन मेलेलो नाही, म्हणायचे. चहा घेतला का, गोळी घेतली का, बाथरूममध्ये पाय घसरत नाही ना, माझे प्रश्न ठरलेले आणि त्यांची उत्तरंही ठरलेली. पण उत्तराआधी ते खाकरायचे, आणि त्या खाकरण्यावरून मला कळायचं की रात्र कशी गेली. हे कुठल्याही चकतीने मला कधी सांगितलं नाही.

बस शहराबाहेर पडली. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, मग मोकळी जमीन, मग पुन्हा भिंती. शेजारच्या सीटवरचा माणूस डब्यातलं काहीतरी खात होता आणि मधून मधून माझ्या फोनकडे बघत होता. फोनवर हिरवा ठिपका होता. मी ॲप बंद केलं, उघडलं, ठिपका लगेच आला, इतका तत्पर की मला त्याची किळस आली. किटली चालू. सोमवारी मी हा ठिपका कँटीनच्या रांगेत उभी असताना बघितला होता. मंगळवारी दात घासताना. बुधवारी तर मैत्रिणीला दाखवला, हे बघ, बाबा आत्ता चहा करताहेत, मी म्हणाले, आणि ती म्हणाली किती गोड. सकाळीही तेच, दुपारीही तेच, संध्याकाळीही. माणूस तीन दिवस अखंड चहा करत नाही, एवढं कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. मी ठिपक्याचा रंग बघत होते. खालचं वाचतच नव्हते. माझ्या मनात आता ती किटली खरोखर तीन दिवस उकळत होती. पाणी आटलेलं, बूड लाल, आणि शेजारी फरशीवर. यापुढे मी मनाला जाऊ देत नव्हते, पण ते जात होतं, आणि परत येऊन सांगत होतं.

सात महिन्यांपूर्वी मी हे सगळं बसवायला गेले तेव्हा बाबा खुर्चीवर बसून बघत होते. त्यांना असल्या गोष्टींचं वावडं नाही. स्क्रू धरा म्हटलं की धरले, भिंतीला भोक कुठे पाडायचं ते त्यांनीच सुचवलं. हालचाल टिपणाऱ्या डोळ्यासमोरून मुद्दाम दोनदा गेले, मग फोनवर ठिपका हिरवा झालेला पाहून हसले. हा मला ओळखतो का, त्यांनी विचारलं. नाही, मी म्हणाले, फक्त कुणीतरी हललं एवढं कळतं त्याला. मांजर आलं तरी? मांजर आलं तरी. मग बाबा म्हणाले, "म्हणजे आता तुझे फोन बंद." मला वाटलं, सुटलो असं म्हणताहेत. मीही सुटलेच होते. सात-सव्वासातला मला लायब्ररीत जागा पकडायची असायची, रात्री जेवताना मैत्रिणी असायच्या. मी हसून म्हणाले, हो, आता तुमची कटकट संपली. पुढच्या आठवड्यात दोनदाच फोन केला, मग रविवारचा रविवारी, आणि गेल्या दोन रविवारी प्रबंधाच्या नादात तोही राहिला. ठिपका होता ना.

आमच्या अभ्यासक्रमात एक सोय शिकवतात. डबी सर्व्हरशी जोडली जाते त्याच क्षणी ती त्याच्याकडे एक बंद चिठ्ठी ठेवून देऊ शकते: माझा संपर्क अचानक तुटला, तर हे सगळ्यांना कळव. या चिठ्ठीचं नाव लास्ट विल. मृत्युपत्र. ज्या दिवशी सरांनी हे शिकवलं त्या दिवशी वर्गात हशा पिकला. प्रत्येकाने आपापल्या यंत्राचं मृत्युपत्र लिहिलं, एकाने लिहिलं की माझी बाइक धाकट्याला देऊ नका, एकीने लिहिलं की माझ्या मागे माझ्या चार्जरचं कसं होणार. दोन मिनिटांचं काम. मीही बाबांच्या डबीसाठी तो रकाना उघडला. रिकाम्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता. मी 'बाबा' एवढं लिहिलं आणि खोडलं. बाबांच्या घराचं मृत्युपत्र आपल्या हाताने लिहायचं, या विचाराने माझी बोटंच वळेनात. विज्ञानाची विद्यार्थिनी, वय चोवीस, आणि एका शब्दाला घाबरले. आईने कधी घरात अमक्याच्या नंतर असे शब्द उच्चारू दिले नव्हते, तेच असणार. मी चौकट रिकामी ठेवून पुढे गेले आणि कुणाला सांगितलंही नाही. बाबांना काही झालं, आठ तास कुणी हललं नाही, तर ठिपका लाल करायचा, ही अक्कल मी डबीला दिली होती. डबीलाच काही झालं तर काय, याचं उत्तर त्या चौकटीत होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा लागतो. मी ज्याच्यापासून पळाले, त्याच्याकडेच जाणाऱ्या बसमध्ये बसले होते.

बाबा विजेचे मीटर वाचायचे. चौतीस वर्षं, रोज सव्वाशे दारं, खांद्याला टॉर्च, काखेत वही. दार उघडलं नाही, मीटर आत असेल, तर वहीत 'मा. आ.' असं लिहायचं असे. मागचाच आकडा. गेल्या महिन्याचा आकडा याही महिन्याला, पुढच्या खेपेला बघू. आमच्या घरात माआ हा शब्दच झाला होता. अभ्यास किती झाला, माआ. पोटात दुखायचं थांबलं का, माआ. आई हॉस्पिटलमध्ये असताना तिला कसं वाटतंय विचारलं की ती डोळे न उघडता माआ म्हणायची आणि नर्सना वाटायचं ती कुणाला तरी हाक मारतेय. मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. बाबा कामावरून आले ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. मी टेबलाखाली बसून नकाशात रंग भरत होते, त्यांना दिसले नाही. तिसऱ्या मजल्यावर एक शिंपी एकटा राहायचा, त्यांच्या रोजच्या रस्त्यावरचा. तीन महिने त्याचं दार उघडलं नव्हतं आणि तीन महिने बाबांनी त्याच्यापुढे माआ लिहिलं होतं. त्या दिवशी दार फोडलेलं होतं. बाबा आईला म्हणाले, "पहिल्या महिन्यात मी बेल वाजवली तेव्हा तो आतच होता. जिवंत होता की नव्हता, तेवढं मला कुणी सांगत नाही." आईने गॅस बंद केला. माझ्या हातातला निळा रंग समुद्राच्या बाहेर गेला.

त्यानंतर बाबा प्रत्येक दाराशी तीनदा बेल वाजवायचे, दाराला कान लावायचे, मनात शंभर मोजायचे. सव्वाशे दारांची ऐंशी व्हायला लागली. साहेबांनी दोनदा लेखी समज दिली. घरीही बाथरूममध्ये कुणाला वेळ लागला की बाहेरून टकटक, आहेस ना गं? आम्ही हसायचो. हसण्यासारखंच होतं, कारण त्यांच्या तोंडावर कधी भीती दिसायची नाही, ते हे सगळं नियम पाळल्यासारखं करायचे. आणि अशा माणसाच्या घरात मी एक यंत्र बसवलं होतं जे दार वाजवत नाही, कान लावत नाही, माआ लिहितं आणि हिरवं दाखवतं. बसमध्ये हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी मोठ्याने काहीतरी म्हणाले असणार, कारण शेजारच्या माणसाने डबा बंद केला आणि पाणी हवंय का विचारलं. मी नको म्हणाले.

स्टँडवरून घर बारा मिनिटं. मी धावले नाही. एक मन म्हणत होतं लवकर, दुसरं म्हणत होतं जितका उशीर तितकं बरं, तोवर ते आहेत. गोदामासमोर खोकी उतरत होती. चावीवाला आपल्या टपरीत झोपला होता. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी मला ओळखून हात केला आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते बघितलं. काही नव्हतं. पण त्यांनाही कुठून माहीत असणार? दुपारचा एक वाजून गेला होता, ऊन भिंतींवर सपाट पडलं होतं, सगळं उघडं आणि स्वच्छ दिसत होतं आणि त्यामुळेच जास्त भीती वाटत होती. जिन्यात वास घेत चढले. जळाल्याचा, गॅसचा, दुसऱ्या कशाचा. फिनेलचा वास होता. दारावरची पाटी, पायपुसणं, दुधाची पिशवी अडकवायचा खिळा. पिशवी नव्हती. म्हणजे कुणीतरी आत घेतली, किंवा दूधवाल्याने टाकणंच बंद केलं. मला प्रत्येक गोष्टीच्या दोन बाजू दिसत होत्या आणि दोन्ही सारख्याच खऱ्या वाटत होत्या.

बेल वाजवली. आत ती वाजलेली ऐकू आली. पुन्हा वाजवली. मग मी दाराला कान लावला. लाकूड थंड होतं. आत एक बारीक घुरघुर होती, ती फ्रिजची. बाकी काही नाही. माझ्याकडे चावी होती, ती कुलपात जाईना, दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा गेली, दार चार बोटं उघडलं आणि अडकलं. आतून साखळी होती. फटीतून पुढची खोली दिसत होती, अर्धी. कपाट, खिडकीचा कोपरा, बाबांची खुर्ची तिरपी, आणि खुर्चीच्या पुढे पाय. पायात मोजे. बोटं वर. मी बाबा म्हणाले. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. पाय तसेच होते. त्या वेळी मी काय केलं ते नीट आठवत नाही. दाराला डोकं टेकून काहीतरी बडबडत होते, कबुली दिल्यासारखं, की मी रोज बघत होते हो, रोज बघत होते. मग उजवा पाय जमिनीवर टेकला. डावा टेकला. खुर्ची करकरली. बाबा उठून दाराशी आले, दार लोटून साखळी काढली आणि बाजूला झाले.

माझ्या जिवात जीव आला म्हणायचं, पण तसा तो आला नाही. मी त्यांच्या हाताला धरलं, दंडाला, खांद्याला, सगळं जागच्या जागी होतं. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. खुर्चीशेजारच्या स्टुलावर फोन, माझे नऊ मिस्ड कॉल दाखवत. कपाटाशेजारी प्लगमध्ये इस्त्रीची वायर होती, आणि माझी डबी पुस्तकांवर नीट ठेवलेली, वायर गुंडाळून. मी आधी रडले आणि मग ओरडले. फोन का नाही उचललात, कान गेलेत का तुमचे, माझी परीक्षा सोडून आले मी, वाटेत माझं काय झालं असतं. बाबा उभेच होते. माझं संपेपर्यंत त्यांनी वाट बघितली. मग खुर्चीत बसले आणि मला समोर बसायची खूण केली.

सोमवारी शर्टांना इस्त्री करायची होती, त्यांनी सांगितलं. किटली लावली होती, चहा होईपर्यंत शर्ट करू म्हणून डबी काढली. काढल्यावर लक्षात आलं की आता हिला कळणार आणि हिचा फोन येणार, ओरडेल. म्हणून फोन जवळ घेऊन बसले. इस्त्री झाली, चहा झाला. डबी परत लावणार होते, पण म्हटलं आधी फोन तर येऊ दे. दुपार झाली. संध्याकाळी वाटलं, परीक्षा जवळ आलीय, कामात असेल. मंगळवारी सकाळी पुन्हा फोन घेऊन बसले. मी विचारलं, मग तुम्हीच का नाही लावलात मला? बाबांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. मी लावला असता तर मला कळलं कसं असतं, ते म्हणाले.

"काय कळलं असतं?"

"किती दिवस लागतात ते."

हे ते रागाने म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. ते आकडा सांगावा तसं म्हणाले. मग त्यांनी खिडकीकडे बघितलं. मंगळवारी दुपारी फार भीती वाटली गं, म्हणाले. इतकी की रात्रीपासून साखळी लावून बसलो. कुणी यायची भीती नव्हती. कुणीच येणार नाही याची होती, आणि साखळीचा त्याला काय उपयोग, ते मलाही माहीत नाही. बुधवारी वाटलं लावून टाकावी डबी आणि विसरून जावं. पण मग तिकडे तुला काहीच झालं नाही असं दिसलं असतं, आणि मला माहीत असतं की झालं होतं. मी आयुष्यात त्यांना भीती हा शब्द स्वतःबद्दल वापरताना ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि उत्तराआधी ते खाकरत होते, रात्र नीट न गेलेल्या माणसासारखे.

मी म्हणाले, माझी चूक झाली. सर्व्हरची, खुणेची, वेळेची सगळी हकीकत सांगितली, मृत्युपत्राचीसुद्धा. त्यांनी लक्ष देऊन ऐकली. तांत्रिक चूक त्यांना समजली, एक-दोन प्रश्नही त्यांनी बरोबर विचारले, परीक्षक बाईंनी विचारावेत तसे. मी म्हणाले, दहा मिनिटांत दुरुस्त होतं हे, आत्ता करते, यापुढे डबी काढली की दुसऱ्या मिनिटाला मला कळेल. बाबांनी मान हलवली. कळेल, म्हणाले. मग स्टुलावरचा फोन उचलून हातात घेतला आणि उगाच त्याची काच पुसत बसले.

"आज सकाळी हा वाजला तेव्हा मी इथेच होतो," ते म्हणाले. "नऊही वेळा. तुझं नाव दिसत होतं. हात पुढे केला होता मी." ते थांबले. "खरं सांग. पहिल्याच वेळेला उचलला असता, बरा आहे म्हटलं असतं, तर आली असतीस?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. व्हरांडा डोळ्यांसमोर आला, उघडं दार, पडद्यासमोर थांबलेले सर, राहिलेले निष्कर्ष. बरा आहे एवढं ऐकलं असतं की मी डोळे पुसून आत गेले असते, आणि राहिलेली दहा मिनिटं फार छान बोलले असते.

"नाही," मी म्हणाले. "नसते आले."

बाबांनी फोन उपडा करून मांडीवर ठेवला.